दोन वीसचा फोन

बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन होतं आणि मी स्वेटर घालून बसले होते. कंट्रोल रूममधला एसी माणसांसाठी नव्हता, मशिनांसाठी होता. ती तापली की अर्ध्या सोलापूरचा टीव्ही जायचा, आणि गेल्या चार महिन्यांपासून टीव्हीबरोबर इंटरनेटही जायचं.

"बिराजदार मॅडम, माझ्याकडं पाहुणे बसलेत," डॉक्टर निंबर्गी फोनवर म्हणाले. "वास्तुशांत आहे आज. तुमच्या साहेबांनी मला शब्द दिलाय. पाहुणे जायच्या आत लागलं पाहिजे."

"माणसं तिकडंच आहेत, डॉक्टर."

"आहेत ना. एक समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, एक माझ्या गच्चीवर. सकाळपासून नुसते बसून आहेत."

ते बसून होते, कारण मीच त्यांना बसायला सांगितलं होतं.

ही २००२ सालची गोष्ट. तेव्हा घरात इंटरनेट म्हणजे टेलिफोनची तार कॉम्प्युटरला लावायची, तो किरकिर आवाज ऐकत थांबायचं, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. आमच्या दृष्टी केबलनं टीव्हीच्याच केबलमधून इंटरनेट द्यायला सुरुवात केली होती. फोन मोकळा राहणार, दिवसभर चालू. लोकांना ते नीटसं कळत नसे. "इंटरनेट कितव्या नंबरला लागतं?" असं विचारणारे फोन मी रोज घेत होते. आमचे मालक सुहास दरेकर मात्र घाईत होते. टेलिफोनच्या तारेवरूनही असंच जलद इंटरनेट येणार आहे, असं पेपरात छापून आलं होतं. ते यायच्या आत चांगली घरं धरायची, हा त्यांचा हिशोब. निंबर्गींनी घेतलं की सगळी डॉक्टर कॉलनी घेणार, असं ते मला आठवड्यातून तीनदा तरी सांगत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. वडील गेलेले, आई आणि दोन शिकणाऱ्या बहिणी घरी. दृष्टी केबलमध्ये माझं काम म्हणजे दोन फोन, तक्रारींचं रजिस्टर, आणि लाइनमन लोकांना कुठं जायचं ते सांगणं.

समोरच्या गच्चीवर बसलेले लाइनमन म्हणजे अंबादास येमूल, आमच्याकडचे सगळ्यात जुने. पन्नाशीला टेकलेले. आधी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, गिरणी बंद पडल्यावर या तारांच्या कामाला आले. मी त्यांना अण्णा म्हणायची. वयानं माझ्या वडिलांएवढे असून ते मला अक्का म्हणायचे. विजेच्या लाईनीजवळ काम असलं की त्यांची एक रीत होती. आधी मला फोन करायचे. "बंद झाली का, अक्का?" एवढंच विचारायचे, आणि मी हो म्हणेपर्यंत वर चढायचे नाहीत. गिरणीत त्यांनी एकदा विजेनं जळालेला सोबती खांद्यावर उचलून बाहेर आणला होता. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. मला इस्माईलनं सांगितलं होतं. इस्माईल शेख म्हणजे त्यांचा जोडीदार, पस्तिशीचा, त्या दिवशी डॉक्टरांच्या गच्चीवर होता तो.

डॉक्टरांचा बंगला आणि समोरची बिल्डिंग यांच्या मधल्या रस्त्यावरून अकरा हजार व्होल्टची विजेची लाईन गेली होती. केबल तिच्यावरून ओढायची होती, आणि केबलला आधार म्हणून लोखंडी तार बांधलेली. म्हणून सकाळीच मी सबस्टेशनला फोन केला होता.

"दोननंतर अर्धा तास देतो," तिथला ऑपरेटर म्हणाला होता. "पण बंद केली की मी स्वतः फोन करून सांगेन. माझा फोन आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

दीड वाजता अण्णांनी बिल्डिंगखालच्या पानटपरीवरच्या कॉइन बॉक्सवरून फोन केला. मी त्यांना हेच सांगितलं.

"थांबतो मग," ते म्हणाले. "दोननंतर करतो परत."

दोन वाजले. सबस्टेशनचा फोन आला नाही. मी लावला तर एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. सवादोनला डॉक्टरांचा फोन आला, चौथ्यांदा की पाचव्यांदा. पाहुणे हात धुऊन कॉम्प्युटरच्या खोलीत बसले होते म्हणे. मी त्यांना समजावत होते तेवढ्यात दरेकर आत आले आणि माझ्या टेबलावर हात टेकून उभे राहिले.

"लागलं का निंबर्गींचं?"

मी रिसीव्हरवर हात ठेवला. "सबस्टेशनचा फोन नाही आला अजून, सर."

"किती वाजले?"

"दोन वीस."

"दोनला बंद करतो म्हणाला होता ना? मग झाली असणार. तो काय तुला फोन करायला मोकळा बसलाय?"

दुसरा फोन वाजला. मी तो दुसऱ्या कानाला लावला.

"बंद झाली का, अक्का?"

"हो, झाली," मी म्हणाले.

अण्णा त्यावर आणखी काहीतरी बोलले. मी ते ऐकलं नाही. दुसऱ्या कानात डॉक्टर बोलत होते. मी अण्णांचा फोन ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाले, "दहा मिनिटांत लागेल." दरेकर मान हलवून गेले. ते ‘झाली असणार’ म्हणाले होते. त्यातला ‘असणार’ मी गाळला, तो मला कुणी गाळायला सांगितला नव्हता.

दहा मिनिटांनी कंट्रोल रूममधला एसी घरघरत थांबला. ट्यूबलाईट गेल्या, यूपीएसनं शिट्टी वाजवली. आमचं ऑफिस त्याच लाईनीवर होतं. मला वाटलं, चला, आता खरंच बंद केली. मनातला एक खडा निघाल्यासारखं झालं. मी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीला टाकला, बाटलीतलं पाणी प्यायले.

मग सबस्टेशनचा फोन आला.

"ताई, मी अजून लाईन बंद केलेली नाही," ऑपरेटर म्हणाला. "फीडर आपोआप ट्रिप झालाय, लाईनीला काहीतरी लागलंय. तुमची माणसं कुठं आहेत?"

*

सिव्हिल हॉस्पिटलला दरेकर गेले. मी फोनवर बसून राहिले, कारण तासाभरानं लाईट आल्यावर तक्रारींचे फोन सुरू झाले होते. पाच वाजता ते परत आले, कंट्रोल रूमचं दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर बसले. त्यांच्या शर्टाला घामाचे पांढरे डाग पडले होते.

"गेला," ते म्हणाले. "तिथं गच्चीवरच गेला होता."

मी रजिस्टर मिटलं.

"त्यानं तुला विचारलं होतं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. फोन आला तेव्हा ते माझ्या टेबलाशीच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी विचारत होते.

"नीट ऐक, उज्ज्वला. दीडला त्याचा फोन आला. तू थांब म्हणालीस. हे खरं आहे ना?"

"हो."

"मग तेवढंच. त्यानंतर फोन आला नाही. सबस्टेशनच्या वहीत बंद केल्याची नोंद नाही. कॉइन बॉक्सवर कुठं कुणाचं नाव येतं? तो थांबला नाही, वर चढला. मी माझ्यासाठी बोलत नाहीये. ‘बंद झाली’ हे तुझ्या तोंडचं वाक्य आहे. आत कोण जाईल, विचार कर. तुझ्या आईकडं कोण बघणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. हवालदार वयस्कर होते, शांतपणे विचारत होते, हळूहळू लिहीत होते.

"मयताशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"दीड वाजता."

"काय बोललात?"

"थांबायला सांगितलं. सबस्टेशनचा फोन आल्याशिवाय काम करू नका म्हटलं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर नाही."

त्यांनी ते वाचून दाखवलं. माझ्या बोलण्यापेक्षा कागदावर ते जास्त खरं वाटत होतं. मी सही केली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर निंबर्गींचं कनेक्शन मागच्या गल्लीतून, विजेच्या लाईनीपासून लांबून जोडलं. तसं ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं, केबल थोडी जास्त लागली असती इतकंच. संध्याकाळी रीतीप्रमाणे मीच त्यांना फोन केला आणि स्पीड बरोबर मिळतोय का ते विचारलं. ते म्हणाले, उत्तम आहे. मग म्हणाले, त्या माणसाचं फार वाईट झालं.

इस्माईल त्याच दिवशी माझ्याकडं आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती.

"अक्का, एक विचारायचं होतं. अण्णा खाली जाऊन फोन करून वर आले. रस्त्यापलीकडून मला ओरडून म्हणाले, झाली बंद, सोड केबल. मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांना कुणी सांगितलं?"

"मला माहीत नाही."

"तुम्हालाच फोन करतात ते."

"मला नाही आला फोन, इस्माईल."

त्यानं हातावरची पट्टी सारखी केली. "मी पोलिसांना सांगणार होतो. साहेब म्हणाले, केबल तू सोडलीस, जास्त बोललास तर तुझ्याच अंगावर येईल." मग म्हणाला, "मला तीन मुलं आहेत." आणि गेला. महिनाअखेरीस त्यानं काम सोडलं.

दिवसकार्य झाल्यावर लक्ष्मीबाई आल्या, अण्णांची बायको. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या विड्या वळायच्या. खुर्चीवर बसल्या तशी तंबाखूचा वास आला आणि त्यांनी हात पदराखाली घेतले. दरेकर बाहेर गेले होते.

"तुम्हीच का अक्का? तुमचं नाव लई घ्यायचे ते."

मी पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"पोलीस म्हणाले, त्यांनी फोन केला नाही. न विचारताच वर गेले म्हणाले. खरं का हो?"

"दीड वाजता केला होता."

"ते सांगितलं मला. नंतर? चढायच्या आधी?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर धरून आल्या होत्या.

"मग मला वाटत होतं तेच बरोबर," त्या म्हणाल्या. "लग्नाला पंचवीस वर्षं झाली, घरातला बल्ब बदलायचा तरी मेन बंद करून दोनदा बघून येणारा माणूस. तो न विचारता त्या तारेजवळ जाईल का? त्या दिवशी सकाळी मी त्यांना बोलले होते. पद्माला बारावीनंतर पुढं शिकवायचं म्हणत होते. मी म्हटलं, कशावर शिकवता? तुमच्या तारांवर घर चालत नाही, माझ्या बोटांवर चालतं. तुम्ही असून काय आणि नसून काय. डबा न घेता गेले. पोरीनं सगळं ऐकलं. ती माझ्याशी बोलत नाही आता. म्हणते, तूच ढकललंस त्यांना."

एसीचा आवाज येत होता. माझ्या टेबलावरचा एक फोन वाजायला लागला. मी तो उचलला नाही.

"जाणूनच गेले ते, अक्का. मला फक्त विचारायचं होतं, तुमच्याशी बोलताना तसं काही वाटलं का?"

मी सांगू शकले असते. खोलीत आम्ही दोघीच होतो. तोंडात वाक्य तयार होतं, आणि त्याच्या मागोमाग हवालदारांचा कागद, त्यावरची माझी सही, घरी आई, सगळं ओळीनं उभं राहिलं.

"तसं काही नसेल हो," मी म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. चहा सांगू का?"

त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या आहात. ते म्हणायचेच."

*

दोन वर्षांनी दरेकरांनी सगळं नेटवर्क एका मोठ्या कंपनीला विकलं आणि ते पुण्याला गेले. तोवर टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड आलं होतं, आणि डॉक्टर कॉलनीतली बरीच घरं तिकडं वळली होती. माझं लग्न झालं. मी एका पतसंस्थेत लागले. बहिणी शिकल्या, नोकरीला लागल्या. अकरा वर्षं मी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. कुणाचा फोन वाजला आणि उचलायला उशीर झाला तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. त्याला वाटायचं, मला फोनचा कंटाळा आहे.

२०१३च्या उन्हाळ्यात नवऱ्याचा मोबाईल दुरुस्तीला टाकायला मी विजापूर वेशीत गेले. काउंटरमागं इस्माईल होता. दाढी पांढरी झाली होती. त्यानं मला ओळखलं, मोबाईल उघडून पाहिला, चार दिवसांनी या म्हणाला. मी निघाले तर म्हणाला, "लक्ष्मीबाई आहेत अजून. विडी कामगारांच्या घरकुलातच, एकट्याच राहतात."

"आणि मुलगी?"

"पद्मा भिवंडीला दिली. लग्नात आईच्या पाया पडली नाही. बाप जीव देऊन गेला आणि तो आईमुळं गेला, असं तिच्या डोक्यात बसलंय. गल्लीतही सगळ्यांना तेच ठाऊक आहे. लक्ष्मीबाईच सांगत फिरायच्या ना." तो स्क्रू एका झाकणात ठेवत होता. वर न बघता म्हणाला, "मी एकदा गेलो होतो सांगायला, की अण्णांना कुणीतरी बंद झाली म्हणून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तू माझं मन राखायला बोलतोस. कुणी सांगितलं ते सांग. मला कुठं माहीत होतं?"

चार दिवसांनी मोबाईल घ्यायला मी गेले नाही, नवऱ्याला पाठवलं. पुढच्या रविवारी सकाळी मी घरकुलात गेले.

लक्ष्मीबाई दारातच सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोटं चालत होती, डोळे मात्र दुसरीकडं होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला दिसत होता. मी नाव सांगितलं. त्यांना पटकन आठवलं नाही. मग आठवलं.

"केबलवाल्या अक्का. या की."

मी उंबऱ्याच्या आत खाली बसले आणि एका दमात सांगितलं. दोन वीसला अण्णांचा फोन आला होता. त्यांनी नेहमीसारखं विचारलं. लाईन बंद झालेली नव्हती, आणि मी बंद झाली म्हणाले. ते माझ्या सांगण्यावरून वर गेले. पोलिसांना मी खोटं सांगितलं, तुम्हालाही खोटं सांगितलं.

त्यांची बोटं थांबली. अर्धी वळलेली विडी उलगडून तंबाखू सुपात सांडली.

"विचारलं होतं त्यांनी?"

"हो."

"नेहमीसारखंच?"

"बंद झाली का, अक्का, असं म्हणाले."

"आणि नंतर? तू झाली म्हणाल्यावर काय म्हणाले?"

"काहीतरी बोलले. मी ऐकलं नाही. दुसऱ्या फोनवर होते."

मी रडेन असं मला वाटलं होतं, पण रडू आलं नाही, आणि ते बरंच झालं. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, कनवटीचा साधा मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

"मला दिसत नाही नीट. पद्माचा नंबर आहे बघ. लाव."

"तुम्ही बोला आधी."

"माझा उचलत नाही ती. तुझ्या फोनवरून लाव. सांग तिला. मला सांगितलंस तसं सगळं सांग."

मी माझ्या मोबाईलवरून लावला. तिकडून यंत्रमागांचा खडखडाट आणि एका बाईचा "कोण बोलतंय?" असा आवाज आला. मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं नाही. पद्मानं मधे एकदाही काही विचारलं नाही. मी थांबले तेव्हा खडखडाट कमी झाला होता. ती बहुतेक बाहेर आली होती.

"आई आहे का तिथं?" तिनं विचारलं.

"आहे."

"द्या तिला."

मी फोन दिला. लक्ष्मीबाईंनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग त्या त्यांच्या घरच्या तेलुगूत बोलू लागल्या, अगदी हळू, आणि मधेच गप्प राहून ऐकू लागल्या. मला तेलुगू येत नाही. ‘अम्मा’ हा एक शब्द तेवढा कळला, तोही पलीकडून आलेला. समोरच्या घरातली बाई दारात येऊन बघून गेली. मी भिंतीकडं बघत बसले. उठावं की बसावं, कळत नव्हतं.

कधीतरी त्यांचं बोलणं संपलं. पदरानं तोंड पुसलं, मग तोच पदर फिरवून मोबाईलवर पडलेला तंबाखूचा भुगाही पुसला आणि तो मला परत दिला.

"तेव्हा सांगितलं असतंस तर तुझं काय झालं असतं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"नोकरी गेली असती," मी म्हणाले. "केस झाली असती कदाचित. काही दिवस आत जावं लागलं असतं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चांगल्या डोळ्यानं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.